लिहून देणार, लिहून घेणार

दिवाळी अंकात टीकालेख लिहायचा म्हणजे एखाद्या कादंबरीवर, नाही तर नव्या कवितासंग्रहावर लिहायचे, असा रिवाज आहे. फराळाचे ताट जरा बाजूला सरकवून वाचकाने निदान एखादे पान वाचावे, एवढीच त्यामागे बिचाऱ्या टीकाकाराची आशा असते. यंदा मी तीही सोडली आहे. माझ्यापुढे ज्या वाङ्मयाची चळत पडली आहे, त्याला आजवर कुणी पारितोषिक दिलेले नाही, ग्रंथालयातून ते कुणी मागून नेत नाही, आणि तरीही ते झाडून साऱ्या मराठी घरांत येऊन पडते. बँकेचे पत्र, पावती, तगादा, नोटीस, सोसायटीचे परिपत्रक, विम्याचे स्मरणपत्र. या साऱ्याला आपण व्यवहारपत्रे म्हणू. कवितेतली ओळ कळली नाही, तर वाचकाचे फारसे बिघडत नाही. या पत्रांतली ओळ कळली नाही, तर घरातले काही तरी जाते.

माझा या वाङ्मयाशी संबंध लहानपणापासूनचा. आजोबांची कोल्हापुरात गुळाची अडत होती. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पाटावर लाल कापडी बांधणीची नवी वही मांडायची, पहिल्या पानावर ‘श्री’ काढायचा, हळदकुंकू वाहायचे, आणि मग आम्हां मुलांच्या हातांवर बत्तासे पडायचे. अडत बंद होऊन कैक वर्षे झाली. जुन्या वह्यांचा आणि पत्रांचा एक गठ्ठा तेवढा वाटण्यांच्या वेळी माझ्या वाट्याला आला. कारण तो दुसऱ्या कुणाला नको होता. निम्मा मोडीत, निम्मा बाळबोधीत. तो वाचता यावा म्हणून उतारवयात मी मोडी शिकलो. हा लेख मात्र त्या गठ्ठ्यामुळे सुचलेला नाही. तो सुचला आत्यामुळे.

आत्या म्हणजे त्याच आजोबांची लेक. वह्यांच्या शेजारी वाढलेली, जमा-नावे समजणारी, रोज वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचणारी. आठेक वर्षांपूर्वी आतोबा वारले. घरचा कर्ता गेला. ते ज्या संस्थेतून निवृत्त झाले होते, तिच्याकडे आत्याने कुटुंबनिवृत्तिवेतनासाठी अर्ज केला. गणपतीच्या सुमारास तिला उत्तर आले. ते असे :

‘उपरोक्त विषयाच्या अनुषंगाने आपणांस कळविण्यात येते की, आपल्या अर्जावर विचार करण्यात येत असून, आवश्यक त्या कागदपत्रांची पूर्तता झाल्यानंतर पुढील योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.’

होळीला मी तिच्याकडे गेलो, तेव्हा तिने देवघरातून हे पत्र काढून माझ्या हातात दिले.

“अरे, यात येईल म्हटलंय. कोण येणार आहे?”

“कुणी येणार नाही, आत्या. करण्यात येईल म्हणजे ते करतील.”

“मग ‘करू’ असं का नाही लिहिलं?”

मला हसू आले. ते फार वेळ टिकले नाही. आपल्या मागे कुणी साहेब येऊन जाईल या धास्तीने गणपतीपासून होळीपर्यंत ती पुण्याला नातवंडांकडे गेली नव्हती. मधल्या काळात पाटल्या सराफाकडे गहाण पडल्या होत्या. हे तिने मला सांगितले नाही. तिचे मनगट दिसले म्हणून मला कळले.

आता टीकाकाराचे काम. हे वाक्य व्याकरणाला धरून आहे. ऱ्हस्वदीर्घाची एक चूक त्यात सापडत नाही. शाळेत असते तर मास्तरांनी पैकीच्या पैकी गुण दिले असते. पण त्यातल्या क्रिया मोजा. कळवणे, विचार करणे, पूर्तता होणे, कार्यवाही करणे. चार क्रिया आणि कर्ता एकही नाही. त्यांतली ‘पूर्तता होणे’ तर पाऊस पडावा तशी आपोआप होणारी आहे. ही पूर्तता आपणच करायची आहे हे आत्याला कळण्याची काही सोय नव्हती. कोणते कागद? ‘आवश्यक ते’. कोणती कार्यवाही? ‘योग्य ती’. केव्हा? ‘नंतर’. हवे होते दोनच कागद, हे पुढे कळले.

कर्मणी प्रयोगालाच दोष द्यावा असे मी म्हणणार नाही. मराठीला तिचा स्वतःचा कर्मणी प्रयोग आहे आणि तो मोठा शहाणा आहे. ‘आम्ही चाळीस रवे पाठवले’, ‘आम्ही रक्कम दिली’. क्रियापद रव्यांच्या मागे जाते, रकमेच्या मागे जाते. व्यवहारात लक्ष मालावर नि पैशावर असायला हवेच. पण देणारा हलत नाही. तो ‘आम्ही’ होऊन वाक्याच्या दारात उभा असतो. रामाने आंबा खाल्ला, या शाळेतल्या वाक्यात रामाला लपायला जागा कुठे आहे? ‘करण्यात येईल’ मध्ये ती आहे. हा सांगाडा कचेरीच्या मराठीने इतका डोक्यावर घेतला की, चहासुद्धा आता पिण्यात येत नाही हेच नवल.

कचेरीची बाजूही मांडली पाहिजे. तेथला निर्णय एका माणसाचा नसतो. आज या खुर्चीवर एक असतो, उद्या दुसरा येतो, आणि वचन खुर्चीने दिलेले असते. ठीक. मग ‘हे कार्यालय एका महिन्यात रक्कम देईल’ असे लिहायला कुणाची हरकत आहे? खुर्चीलाही कर्ता होता येते.

आजोबांच्या गठ्ठ्यात काही दस्त आहेत. दस्ताची मराठी कुणी सुंदर म्हणत नाही. लांबलचक, शिळी, ‘सबब’ आणि ‘सदरहू’ यांनी गच्च भरलेली. पण दस्ताच्या डोक्यावर पहिल्याने काय येते? ‘लिहून घेणार’ अमुक. ‘लिहून देणार’ अमुक. नाव, वय, धंदा, राहणार कुठला. मगच पुढचा मजकूर. आणि पैसे मिळाल्यावर लिहायचे, ‘भरून पावलो’. या दोन शब्दांत बोलणारा माणूस क्रियापदाच्या टोकाशी स्वतः येऊन उभा राहिला आहे. (आता आपण ‘भरून पावलो’ वैतागून म्हणतो, पण तो दोष दस्ताचा नव्हे.) ‘पावती’ हा शब्दही या पावण्यातूनच आला.

या जुन्या कागदांत विरामचिन्हे नाहीत. मोडी लिहिणारा आधी कागदावर आडवी रेघ ओढून घेई आणि तिला अक्षरे टांगत जाई. शब्दाशब्दांत अंतर नाही, ऱ्हस्व-दीर्घ हा भेद नाही. तरीही अर्थ लागतो. का लागतो याचा मी पुष्कळ विचार केला. एक तर मराठी वाक्य क्रियापदाशी येऊन थांबते, त्यामुळे क्रियापद हाच त्याचा पूर्णविराम होतो. दुसरे, वाक्ये जोडण्यासाठी नि तोडण्यासाठी त्या लेखकांजवळ शब्द होते. ‘सबब’ आला की कारण संपले. ‘तरी’ आला की मागणे सुरू झाले. ‘येणेप्रमाणे’ आला की यादी संपली. ‘बहुत काय लिहिणे’ आले की पत्र संपले, आणि त्याखाली मोर्तब उठली की त्यापुढे कुणाला अक्षर घालता येत नसे. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी उमटणारी ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा म्हणजे त्या पत्रांचा पूर्णविरामच.

अक्षर घालण्याची भीती खोटी नव्हती. नारायणराव पेशव्यांचा खून १७७३ साली शनिवारवाड्यात झाला; त्या वेळी ‘धरावे’ चे ‘मारावे’ केले गेले, ही कथा आपण सारे ऐकत आलो. इतिहासकार तिला दंतकथेत जमा करतात. पण एका अक्षराने माणूस मरू शकतो ही गोष्ट लोकांना पटण्यासारखी वाटली, हे महत्त्वाचे. व्यापाऱ्यांनी आपल्यापुरता तोडगा काढला होता. हुंडीत रक्कम आकड्यात लिहीत, मग अक्षरात, आणि वर तिचे निमे सांगून ‘याचे दुप्पट’ असेही लिहीत. हजाराची हुंडी असेल तर पाचशेंचे दुप्पट. खोडसाळाला एक आकडा बदलून भागत नसे. तीन ठिकाणी हात मारावा लागे. आज आपण धनादेशावर अक्षरी रक्कम लिहून पुढे ‘फक्त’ घालतो, तो याच कुळातला. १८८१ च्या परक्राम्य लेख अधिनियमातही आकडा आणि अक्षर यांत फरक पडला तर अक्षर खरे मानायचे, असे आहे.

मराठीला विरामचिन्हे मेजर कँडी यांनी दिली. त्यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ १८५० सालची. या गोऱ्या मेजरचे आपल्यावर मोठे उपकार आहेत, यात शंका नाही. त्यांच्या चिन्हांवाचून आज माझे एकही वाक्य उभे राहणार नाही. परंतु व्यवहारपत्र लिहिणाऱ्यांनी चिन्हे घेतली आणि ती शब्दांच्या ऐवजी वापरली. आत्याच्या पत्रात पाहा. ‘की’ नंतर एक स्वल्पविराम आहे. ‘की’ हा पुढच्या वाक्याचा हात धरून येणारा शब्द. त्याला पुढच्या वाक्यापासून तोडायचे ते कशाला? श्वास घ्यायचाच तर ‘की’च्या आधी घ्यावा. मघाशी चहाच्या वाक्यात माझ्याच लेखणीतून तो पुन्हा निसटला, हे चाणाक्ष वाचकाने हेरले असेल. पुढे ‘असून’ आणि मग आणखी एक स्वल्पविराम. जिथे ‘तरी तुम्ही हे कागद पाठवा’ असे यायला हवे होते, तिथे एक शेपटीचा ठिपका आला.

एवढे वाचून कुणाला वाटेल की जुन्या काळी सारे आबादीआबाद होते. तसे नव्हते. मे १८७५ मध्ये सुप्यात आणि मग पुणे-नगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. तेव्हा त्यांनी पहिल्याने मागितले ते कर्जरोखे नि वह्या, आणि त्यांची होळी केली. त्या रोख्यांत कर्ता हरवलेला नव्हता. ‘लिहून देणार’ म्हणून कुणब्याचे नाव ठळक होते. पण ज्याने लिहून दिले म्हणायचे त्याला ते वाचता येत नव्हते. त्याने नांगराची निशाणी उठवली होती. १८७९ च्या कायद्याने अशा दस्तांची गावातल्या निबंधकापुढे नोंद करण्याची तजवीज केली, ती यासाठी. म्हणजे कर्ता लिहिला की झाले, असे नाही. ज्याच्या गळ्यात कागद पडायचा त्याला तो वाचता आला पाहिजे. आत्याला अक्षरओळख होती, मोती झडावेत असे तिचे अक्षर आहे, आणि तरीही त्या पत्रापुढे ती अंगठाबहाद्दर ठरली. दीडशे वर्षांत मजल एवढीच.

मी लहान असताना अडतीत एक दिवाणजी होते. त्यांच्याइतका कडक संपादक मला पुढे एकाही मासिकात भेटला नाही. एकदा पावसाळ्यात परगावच्या एका व्यापाऱ्याचे पत्र आले : ‘गुळास पाणी सुटले आहे. सबब माल आपल्या खर्चाने परत पाठवत आहोत.’ माल आला तो भाडे बाकी ठेवून. आजोबा म्हणाले, आपल्या खर्चाने म्हणजे त्याच्या स्वतःच्या. व्यापारी म्हणाला, आपल्या म्हणजे तुमच्या. मी आदराने लिहिले. दोघांचेही बरोबर होते. ‘आपण’ हा शब्द आपल्या भाषेत तिहेरी आहे. त्याचा अर्थ स्वतः असा होतो, आदरार्थी तुम्ही असा होतो, आणि तुम्ही-आम्ही मिळून असाही होतो. कवीला हे वरदान आहे. गुळाच्या पत्रात ते रेल्वेभाड्याइतके महाग पडले. त्या दिवसापासून दिवाणजी बाहेर जाणाऱ्या पत्रांतला ‘आपल्या’ खोडून वर ‘तुमच्या’ किंवा ‘आमच्या’ लिहू लागले. माझ्या काकांना ते उद्धट वाटे.

“धाकटे मालक,” दिवाणजी म्हणाले, “नमस्कारात आपण म्हणा, हवं तर दहादा म्हणा. हिशेबात तुम्ही.”

आज कोणतीही नोटीस उघडली की मला दिवाणजींची लाल पेन्सिल आठवते. ‘आपल्या जबाबदारीवर वाहन ठेवावे.’ कुणाच्या?

शब्दांच्या निवडीवर मराठीत एवढे वाद झाले आहेत की, त्यात नवा शिरण्याची मला हौस नाही. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला. त्यात लेखनाचा वर्ग आहे तसाच पण्याचा, म्हणजे व्यापाराचाही आहे. फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्याची ती थोर खटपट. तरी कर्ज, बाकी, हप्ता, वसूल, तगादा, अर्ज हे सारे टिकून राहिले, कारण तगादा लागला की तो कुठल्या भाषेतून आला हे कुणी विचारत नाही. उलट सावरकरांनी घडवलेले ‘दिनांक’, ‘क्रमांक’ हे शब्द आज इतके मुरले आहेत की ते कुणी घडवले होते हे सांगावे लागते. तेव्हा संस्कृत वाईट आणि फारसी चांगले, किंवा याच्या उलट, असे म्हणणाऱ्यांच्या पंगतीला मी बसत नाही. १९६० साली भाषा संचालनालय झाले, १९६४ साली राजभाषा अधिनियम झाला, आणि कारभार मराठीत आला. हे व्हायलाच हवे होते. माझी तक्रार एवढीच की कारभार मराठीत आला तो ‘उपरोक्त’, ‘अनुषंगाने’ आणि ‘विहित नमुन्यात’ यांची पालखी घेऊन. एक उदाहरण देतो. ‘कार्यवाही’ म्हणजे काम पुढे नेणे. ‘कारवाई’ म्हणजे बडगा. दोन शब्दांत दोनच अक्षरांची उलथापालथ, पण पहिल्याने माणसाचे काम होते आणि दुसऱ्याने त्याची झोप उडते. घरपट्टीच्या अर्जाला ‘कारवाई करण्यात येईल’ असे उत्तर आलेले मी स्वतः पाहिले आहे. अर्जदाराने शेजारच्या वकिलाला गाठले. लिहिणाऱ्याला ‘काम करू’ एवढेच म्हणायचे होते.

शुद्धलेखनाविषयी दोन शब्द, कारण त्यावाचून मराठी टीकाकाराची सुटका नाही. साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ साली आले, १९७२ साली त्यांत चारांची भर पडली, आणि तेव्हापासून आपण एकमेकांची वेलांटी तपासत आलो आहोत. तपासावी. पण व्यवहारपत्रात तिचा क्रम फार खालचा आहे. सूत म्हणजे धागा आणि सुत म्हणजे मुलगा. मोडीत दोन्ही सारखेच. तरी सुताच्या पेढीवर कुणी मुलगा तोलून मागितल्याचे ऐकिवात नाही.

हे सारे मी इतक्या तोऱ्यात लिहितो आहे, तेव्हा एक कबुली द्यायला हवी. मी सत्तावीस वर्षे एका आस्थापनेच्या पत्रव्यवहार विभागात काढली. नमुनापत्रे मीच तयार करत असे. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी एका उत्तरात ‘आम्ही पंधरा दिवसांत रक्कम पाठवू’ असे लिहिले होते. साहेबांनी प्रेमाने जवळ बसवले. म्हणाले, “कशाला अडकता? ‘पाठविण्यात येईल’ करा. पंधरा दिवस काढा, ‘यथावकाश’ घाला.” मी केले. हात लवकर बसला. पुढे मीही दोघातिघांना प्रेमाने जवळ बसवले. माझ्या ‘यथावकाश’पायी किती घरांच्या पाटल्या गेल्या असतील याची मोजदाद माझ्याजवळ नाही. देवघरातून काढलेले ते पत्र हातात घेतले, तेव्हा क्षणभर मला वाटले, हे मीच लिहिले असावे.

आता कागदही मागे पडत चालला. पत्रे फोनवर येतात आणि पुष्कळदा ती यंत्राने इंग्रजीतून उलथून टाकलेली असतात. ‘प्रिय ग्राहक, तुमची विनंती यशस्वीरीत्या नोंदवली गेली आहे.’ इथे गंमत अशी की, माणसांना लुबाडणारे खोटे संदेश कित्येकदा खऱ्यांपेक्षा चांगल्या मराठीत असतात. आज रात्री वीज तोडणार, या क्रमांकावर फोन करा, एवढे पैसे भरा. कोण, काय, केव्हा, सगळे आहे. खऱ्या बँकेने इतके सरळ लिहायची सवय लावली असती, तर सरळ वाक्य दिसताच त्यावर झडप घालायची पाळी म्हाताऱ्या माणसांवर आली नसती.

आत्याच्या उत्तराचे सांगायचे राहिले. मी कागद घेऊन बसलो आणि सवयीने ‘उपरोक्त’ लिहिले. तिने ते खोडायला लावले व स्वतः मजकूर सांगितला. मी अमक्यांची पत्नी. हे अमुक तारखेला वारले. तुम्हांला कोणते कागद हवेत ते लिहा, मी पाठवते. पैसे कधी देणार तेही लिहा. मी म्हटले, दोनतीन ठिकाणी ‘कृपया’ घालू. तिने एका ‘कृपया’ला परवानगी दिली.

तीन आठवड्यांनी उत्तर आले. छापील वाक्य तेच, ‘कळविण्यात येते की,’ स्वल्पविरामासकट. पण त्याखाली कोऱ्या जागेत कुणी तरी निळ्या शाईने लिहिले होते : ‘आजी दोन कागद पाठवा. मृत्यूचा दाखला व पासबूकाचे पहिले पान. मी महिनाअखेर तुमचे काम करून देतो.’ खाली सही.

पैसे आले. पाटल्यांची मुदत तोवर उलटून गेली होती. ‘आजी’ नंतर स्वल्पविराम हवा होता आणि ‘पासबुकाचे’ मधला ‘बु’ ऱ्हस्व हवा होता, हे मी आत्याला दाखवले. तिने तो कागद माझ्या हातातून काढून घेतला, नीट घडी घातली आणि म्हणाली, “हा बाबांच्या वहीत ठेव.”